साठ हजारात पहिला गेमिंग पीसी, आणि ते चव्वेचाळीस हजारांचं कोटेशन

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा इंदूरच्या सुदामा नगरचा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, बाबांनी मॉनिटर धरून साठ हजार कबूल केलेत, कीबोर्ड-माऊस घरात जुना आहे तो चालेल म्हणतो. खेळायचंय वॅलोरंट, जीटीए फाइव्ह आणि "जमलं तर" सायबरपंक. एका दुकानातून कोटेशन आणलंय: कोर आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, सहा रंगीत पंख्यांचं काचेचं केबिनेट आणि २४ इंची मॉनिटर, सगळं मिळून चव्वेचाळीस हजार. दुकानदार म्हणाला "भिया, आय-सेवन है, मक्खन चलेगा". आणि हा विचारतोय, दादा, सोळा हजार वाचतायत, घेऊन टाकू का?

नको घेऊ रे. आणि का नको ते नीट ऐक, कारण हे कोटेशन मी गेल्या काही वर्षांत निदान पन्नास पोरांच्या हातात बघितलंय, फक्त केबिनेट बदलतं. मी सतरा-अठरा वर्षं हेच करतोय, आधी सिल्वर मॉलमध्ये दुसऱ्याच्या काउंटरवर आणि आता घरूनच, ओळखीत असेंबल करून देतो.

तू पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आय सेव्हन ३७७०, एच ६१ मदरबोर्ड. हा ३७७० इंटेलची तिसरी पिढी, २०१२ चा माल. तेव्हा तू शाळेतसुद्धा धड जात नसशील. चार कोर (एका वेळी काम करणारे भाग), डीडीआर थ्री म्हणजे जुन्या पिढीची रॅम. कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारात निघालेला प्रोसेसर, त्याला नवीन चायना बोर्ड लावलं की झालं "न्यू आय सेव्हन गेमिंग पीसी". नावात सेव्हन आहे म्हणून तो मोठा वाटतो, पण आजचा साधा आय थ्री १२१००एफ, तोही चारच कोरचा, ह्याला आरामात मागे टाकतो. सेव्हन-फाइव्ह-थ्री हे एकाच पिढीतल्या भावंडांत बघायचं असतं, आजोबा आणि नातवाची तुलना त्यावर करायची नसते. वर विंडोज ११ अधिकृतपणे ह्या प्रोसेसरवर चालतच नाही (इंटेलची आठवी पिढी लागते) आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय वॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, म्हणजे जुगाड करून ११ टाकलंस तरी नेमका तुझा मुख्य गेम अडकणार.

आता ते "४ जीबी ग्राफिक कार्ड". मॉडेल लिहिलंय जीटी ७३०. हे २०१४ चं कार्ड, एक्सेल उघडायला आणि दुसरा मॉनिटर जोडायला बनवलेलं, आणि ह्या पिढीचे नवे गेमिंग ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२१ मध्येच बंद केले. मग ४ जीबीचं काय? असं समज की गच्चीवर चार हजार लिटरची टाकी बसवलीय पण खाली येणारा नळ पेनाच्या रिफीलएवढा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यामुळे टाकीचं महत्त्व इंदूरवाल्याला सांगायला नको, पण इथे गोची नळाची आहे. ह्या कार्डाच्या ६४-बिट मॉडेलची मेमरी सेकंदाला साधारण १४ जीबी डेटा पुरवते, मी तुला खाली जे कार्ड सांगणार आहे ते २२४ जीबी पुरवतं. मेमरी किती हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापतात, किती वेगाची हे सहसा छापत नाहीत, बस एवढाच खेळ आहे.

म्हणून पहिला नियम, ज्या कोटेशनमध्ये प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर नाही ते कोटेशनच नाही. "१६ जीबी रॅम, ब्रँडेड एसएमपीएस, गेमिंग केबिनेट" (एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा) हे म्हणजे लग्नाच्या यादीत "भांडी व इतर" लिहिल्यासारखं झालं. मॉडेल मागितल्यावर दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर उठून पुढच्या दुकानात जायचं, बाजारात दुकानांना तोटा नाही.

आता तुझ्या साठ हजाराचं बोलू. मी हिशोब नेहमी उलटा लावतो, म्हणजे नंतर बदलायला कुठला पार्ट जड जाईल ते आधी बघतो. रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, हे दोन स्क्रू किंवा दोन क्लिपचं काम आहे, वर्षभराने पैसे आले की बदल आणि जुनं विकून टाक. पण मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं केबिनेट उघडून सगळं बाहेर, एसएमपीएस बदलायचा म्हणजे सगळ्या वायरी पुन्हा ओवायच्या, आणि मॉनिटर तर माणूस एकदा घेतो तो सात-आठ वर्षं बघत बसतो. तेव्हा जे जड आहे ते आज नीट घे, जे हलकं आहे तिथे आज थोडी तडजोड चालते. एकच अपवाद ग्राफिक कार्डाचा, ते बदलायला सोपं असलं तरी सगळ्यात मोठा वाटा त्यालाच द्यायचा, कारण गेम चालणार तो त्याच्यावर. साठ मधले वीस-बावीस हजार तिकडे गेले तरी काळजी करू नको.

सुरुवात मॉनिटरपासून कर कारण कार्ड किती मोठं लागेल ते मॉनिटर ठरवतो. २४ इंची, १०८०पी (फुल एचडी), आयपीएस पॅनेल, १०० हर्ट्झच्या वर (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलतं) कुठलाही चालेल, आठ-नऊ हजारात बसेल. १४४ किंवा १८० वाला त्याच भावात सापडला तर उत्तम, वॅलोरंटमध्ये फरक डोळ्याला दिसतो. २७ इंची १४४०पी (जास्त बारीक चित्राच्या) मॉनिटरच्या नादी लागू नको, तो मॉनिटर रोज कार्डाकडे जास्त काम मागेल आणि ते तुझ्या बजेटच्या कार्डाला झेपणार नाही.

कार्ड: रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी. २०२१ चं आहे, पण १०८०पी ला आजही दमदार आहे आणि १३२ वॅटच खातं. जीटीए फाइव्ह हसत चालेल, सायबरपंक मीडियम-हायच्या मध्ये कुठेतरी बसव, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं) मात्र विसर. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी वालं कार्ड कोणी "एनव्हिडिया आहे, लेटेस्ट आहे" म्हणून गळ्यात मारेल, त्याचा एकच गुण म्हणजे बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर वायर लागत नाही, बाकी ६६०० पुढे ते कमीच पडतं. इंटेलचं आर्क बी ५८० (१२ जीबी, डिसेंबर २०२४ मध्ये आलं) पाच-सहा हजार वर टाकायची तयारी असेल तर बघ, पण त्याला बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रिसायझेबल बार नावाची सेटिंग चालू असावी लागते, आणि जुन्या गेममध्ये ते कधी कधी नखरे करतं. आरएक्स ६५०० एक्सटी ला मात्र हात लावू नको, ४ जीबी आणि बोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार पीसीआय लेन (डेटाचे रस्ते), ६६०० सारखं नाव बघून लोक फसतात.

सेकंडहँड कार्ड घेऊ का हे पुढचं विचारशील. घे, पण चालताना बघून घे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर डिजिटल नाणी कमावणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली काही अजून हातोहाती फिरतायत. मायनिंगचं असलं म्हणजे मेलंच असं काही नाही, चिप सहसा टिकते, पंखे आणि थर्मल पॅड जातात. विकणाऱ्याच्या घरी जा, त्याच्याच मशीनवर फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) पंधरा-वीस मिनिटं चालव, कान लावून पंख्याची घरघर ऐक, जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल खरंच तेच आहे का बघ (जुन्या कार्डाचा बायोस बदलून नवं नाव चिकटवलेली कार्डं मी स्वतः पकडलीत), स्क्रू घासलेले आहेत का बघ. "घरी नेऊन बघ, नाही चाललं तर फोन कर" म्हणाला की समजून जा, तो फोन कोणी उचलत नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोर, बारा थ्रेड, बॉक्समध्ये कूलर येतो. ह्यापुढे आज एक रुपया जास्त टाकू नको, तो रुपया कार्डात जाऊ दे. कुठे स्वस्त मिळाला तर आय फाइव्ह १२४००एफ पण तितकाच चांगला. शेवटी एफ असला की त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही एवढं लक्षात ठेव, आणि रायझन ५६०० मध्येही नाही, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच. बाबा म्हणाले की आत्ता चाळीसच, बाकी दिवाळीला, तर ५६००जी घे, त्यात वेगा ग्राफिक्स आहे, वॅलोरंट त्याच्यावर छान चालतो आणि कार्ड नंतर टाकता येतं. पण कार्ड आत्ताच घेत असशील तर जी नको, त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी आहे, १६ एमबी.

कोणीतरी सांगेलच की एएम फोर सॉकेट (बोर्डावर हा रायझन बसतो ती जागा) आता जुनं झालं, एएम फाइव्ह घे. बरोबर आहे त्याचं, पण एएम फाइव्हला डीडीआर फाइव्हच लागते आणि बोर्डही महाग, साठ हजारात ते केलं तर कार्डाच्या वाट्याला चणे-फुटाणे येतात. बोर्ड बी ५५० घे, सहा-सात हजारात बसतं, चार रॅम स्लॉटचं मिळालं तर बघ. दुकानदाराने जुन्या स्टॉकमधलं बी ४५० दिलं तर आधी विचार की बायोस अपडेट केलंय का, नाहीतर ५६०० लावल्यावर पंखे फिरतील, स्क्रीनवर काहीच येणार नाही, आणि तू रात्रभर रॅम काढ-घाल करत बसशील.

रॅमचं सध्या रडगाणं आहे. २०२५ च्या शेवटापासून एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि इथे काउंटरवर भाव दुप्पट-तिप्पट झाले, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्यामुळे माझे वरचेही आकडे दगडावरची रेघ समजू नको. माझं ऐकशील तर रॅम सेकंडहँड घे. हा एक असा पार्ट आहे की जो सहसा खराब होत नाही आणि झालाच तर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लगेच पकडतो. डीडीआर फोर ३२००, ८ च्या दोन काड्या. १६ ची एक घेऊ नको, दोन असल्या की ड्युअल चॅनेल चालतं (दोन्ही काड्या एकदम डेटा देतात) आणि गेममध्ये एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात) चांगलाच वाढतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम बरेचदा २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी), ५०० जीबी, आज तेवढीच. सायबरपंक ७०, जीटीए शंभरच्या वर, विंडोज आणि सटरफटर धरून निम्मी संपेल, पण दुसरी टाकायला बोर्डावर जागा असते.

आता एसएमपीएस, जिथे मी भांडतो. कोटेशनमधल्या केबिनेटबरोबर जो "४५० वॅट फ्री" येतो त्याची पट्टी कधी वाचलीयस? दुकानात पुढच्या वेळी काढून वाच. मोठ्या अक्षरात ४५० डब्ल्यू असतं, खाली छोटं कोष्टक असतं, त्यात +१२व्ही च्या खाली बघ. अशा एका पट्टीवर माझ्यासमोर १६ए, म्हणजे १६ अँपिअर, लिहिलेलं होतं. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जेवतात, म्हणजे खरा डबा १९२ चा, बाकी आकडे सजावटीचे. तुझा प्रोसेसर जोरात ८०-८८, कार्ड १३२, बाकी पंखे-बोर्ड-एसएसडीचे चाळीस-पन्नास धर, २७० पर्यंत जातं. चांगल्या ५५० वॅटच्या पट्टीवर तिथे ४० च्या पुढे अँपिअर दिसतील, तो घे, चार हजाराच्या आसपास. ८० प्लस ब्राँझ असावा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, आतला माल कसा आहे त्याचा नाही, म्हणून पाच वर्षं वॉरंटी कोण देतोय तेही बघ.

माझं स्वतःचं पहिलं मशीन असंच गेलं होतं. दोन हजार वाचवले, फुकटचा एसएमपीएस लावला, चौथ्या महिन्यात पावसाळ्यात लाईट गेली-आली-गेली आणि फट् करून आवाज, खोलीभर जळक्या माशासारखा वास. एसएमपीएस एकटा गेला असता तर चाललं असतं, बोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला. हार्ड डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. आई अजून काढते तो विषय.

विजेवरून आठवलं, हे कोणी सांगत नाही, ज्या खोलीत लावणार तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते बघ. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. मग अनवाणी पायाने केबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात ते लाईनमधून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ मिळाली नाही की बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे, तरंगत राहतं. करंट अगदी कमी म्हणून माणूस ठीक राहतो, पण मदरबोर्डाला तेही नको असतं. पीसी बिघडलाय समजून लोक माझ्याकडे घेऊन येतात, माझ्याकडे लावला की झिणझिण्या गायब. इलेक्ट्रिशियनला बोलव, आणि थ्री-पिनचा टू-पिन करणारा तो कन्व्हर्टर चुकूनही लावू नको. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते त्या मोडवर ठेव, म्हणजे लाईट गेल्यावर पीसी बंद पडायच्या आत तो पकडेल. यूपीएस नंतर घे.

केबिनेट समोरून जाळीचं. काचेचं दिसायला झकास पण हवा कुठून घेणार, सहा पंखे आत तीच गरम हवा घुसळत बसतात. शब-ए-मालवा (माळव्याची गार रात्र) वगैरे ठीक आहे, पण मे महिन्यात दुपारी खोलीतच ३८ असतं, आणि पार्टांचं तापमान खोलीच्या वर मोजायचं असतं, जानेवारीत ६५ वर चालणारं कार्ड मे मध्ये ८० ला जातं. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, पुरे. लाईट हवे असतील तर पन्नास रुपयांची एलईडी पट्टी जेल रोडवरून आण, मी कोणाला सांगणार नाही.

जोडणी स्वतः कर, घाबरू नको, दोन-तीन तास लागतील. दोन गोष्टी फक्त. कार्डावर आणि एसएसडीच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढणाऱ्या पट्टीच्या) आतल्या पॅडवर जे पातळ प्लॅस्टिक असतं ते काढ, एकाने माझ्याकडे वर्षभर न काढलेलं आणलं होतं, पॅडला चिकटून पापडासारखं झालेलं. आणि पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नको. एएम फोरच्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही, पेस्ट वाळलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी गेम चालवून दहा मिनिटं गरम कर, बंद करून प्लग काढ, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरव, सुटला असं हाताला जाणवलं की उचल. वाकलेल्या पिना मी मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने सरळ केल्यात, पण त्या अर्ध्या तासात माझा घाम निघतो, तुझा तर जीवच जाईल.

सगळं लागलं, चालू झालं, आणि गेम लॅग मारतोय म्हणून मला रात्री अकराला मेसेज करण्याआधी मागे जाऊन बघ की मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डात लावलीय का बोर्डात. हसू नको. ५६०० वर स्क्रीनच येणार नाही म्हणून तू वाचशील, पण ५६००जी वाले तीन जण ह्याच वर्षी भेटले, कार्ड नुसतंच बसलेलं. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघ, तो आपणहून ६० वर असतो.

बिल पक्कं घे, जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर लिहून, आणि फोटो काढून ठेव. वॉरंटी सिरियल नंबरवर मिळते, "अपना ही दुकान है" वर मिळत नाही. खोके फेकू नको, निदान कार्डाचा आणि बोर्डाचा. आणि हे आईला आधीच सांगून ठेव, कारण आपल्याकडे कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत अगदी वेळेवर येते, आणि आई तुझ्या उठायच्या आत सगळे खोके सुक्या कचऱ्यात नीट वेगळे करून देऊन मोकळी झालेली असते.